संप्रेरक, प्रथिने आणि गाठीची वाढ: स्तनाच्या कर्करोगावरील संशोधनाचा आढावा

स्तनाच्या कर्करोगाचे निदान झाले की पॅथॉलॉजीच्या अहवालात ईआर आणि पीआर या दोन नोंदी हमखास असतात. पहिली नोंद इस्ट्रोजेनच्या ग्राहीची, म्हणजे रिसेप्टरची, आणि दुसरी प्रोजेस्टेरॉनच्या ग्राहीची. दोन्ही ग्राही प्रथिनेच आहेत. गाठीच्या पेशींत ती सापडली की गाठ ‘हॉर्मोन पॉझिटिव्ह’ ठरते आणि पुढची पाच ते दहा वर्षे रोज एक गोळी घेण्याचा सल्ला मिळतो. या सल्ल्यामागचे गृहीतक तीन पायऱ्यांचे आहे: संप्रेरक पेशीत शिरते, ते काही ठरावीक प्रथिने तयार करवते, आणि त्या प्रथिनांच्या जोरावर पेशी वाढते. म्हणून संप्रेरक अडवले की वाढ अडते. या गृहीतकाने असंख्य स्त्रियांचे प्राण वाचवले आहेत, त्यामुळे त्याला हात लावताना जपूनच लावायला हवा. तरीही गेल्या साठ वर्षांचे संशोधन एकत्र ठेवून पाहिले की त्यातली एक जागा कच्ची दिसते. संप्रेरकामुळे प्रथिने तयार होणे आणि पेशीची वाढ होणे या दोन घटना आपण एकच धरून चालतो. प्रत्यक्षात त्या वेगळ्या होऊ शकतात, प्रयोगशाळेत होतात आणि रुग्णांतही होतात. संप्रेरकाचा संदेश वाचून पेशी कोणती प्रथिने बनवते हे बरेचसे कळले आहे. तोच संदेश मिळूनही एक पेशी का वाढते, दुसरी का थांबते आणि तिसरी का मरते, हे मात्र पेशीच्या आधीच्या स्थितीवर ठरते, आणि खरे वाद तिथेच आहेत. या आढाव्याचा रोख तिकडे आहे.

अंडाशयापासून ग्राहीपर्यंत

ग्लासगोचे शल्यचिकित्सक जॉर्ज बीटसन यांनी १८९६ साली ‘द लॅन्सेट’मध्ये एक निरीक्षण मांडले. शस्त्रक्रियेच्या पलीकडे गेलेला स्तनाचा कर्करोग असलेल्या स्त्रीची अंडाशये काढल्यावर तिची गाठ विरली होती. ही कल्पना त्यांना सुचली ती दूध निर्माण होण्याच्या अभ्यासातून. गायीची अंडाशये काढली तर ती जास्त काळ दूध देते, हे काही पशुपालकांना ठाऊक होते, आणि त्यावरून अंडाशयाचा स्तनाच्या ऊतींवर ताबा असावा असा तर्क बीटसन यांनी केला. ‘हॉर्मोन’ हा शब्दही तेव्हा विज्ञानात आलेला नव्हता. पुढे चार वर्षांत स्टॅन्ली बॉइड यांनी अशा शस्त्रक्रियांची माहिती गोळा केली, तेव्हा सुमारे एकतृतीयांश स्त्रियांनाच गुण आल्याचे दिसले. हा एकतृतीयांशाचा आकडा पुढची सत्तर वर्षे संशोधकांना छळत राहिला. एडगर अॅलन आणि एडवर्ड डॉइझी यांनी १९२३ मध्ये अंडाशयातील संप्रेरकाचा प्रभाव मोजण्याची रीत काढली, १९२९ मध्ये इस्ट्रोन शुद्ध स्वरूपात हाती आले, आणि १९५० च्या दशकात चार्ल्स हगिन्स यांनी अधिवृक्क ग्रंथी काढूनही काही गाठी लहान होतात हे दाखवले. तरीही कोणत्या स्त्रीला गुण येईल हे आधी सांगता येत नव्हते. उरलेल्या दोनतृतीयांश स्त्रियांची मोठी शस्त्रक्रिया वाया जात होती.

कोडे सुटायला सुरुवात झाली ती शिकागोत. शरीरात इस्ट्रोजेन अत्यल्प असते, आणि ते एंझाइमांच्या रासायनिक क्रियेत भाग घेऊन काम करते असा १९५० च्या दशकातला प्रबळ समज होता. एलवूड जेन्सन यांनी इस्ट्रॅडिऑलला किरणोत्सारी ट्रिटियमची खूण लावून ते उंदरांना टोचले. गर्भाशयाने ते धरून ठेवले, आणि काम करत असताना त्यात कोणताही रासायनिक बदल झाला नाही. याचा अर्थ इस्ट्रोजेन खर्ची पडत नव्हते. ते कशाला तरी चिकटून संदेश देत होते. जॅक गोर्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६६ मध्ये गर्भाशयातून हे ग्राही-प्रथिन वेगळे काढले. त्याआधीच, १९६१ मध्ये, जेरल्ड म्यूलर यांच्या गटाने आणखी एक दुवा जोडला होता: प्युरोमायसिन देऊन प्रथिननिर्मिती बंद पाडली, तर इस्ट्रोजेनला गर्भाशय द्यायचा तो सुरुवातीचा प्रतिसादही बंद पडतो. संप्रेरक, प्रथिन आणि वाढ ही साखळी इथे पहिल्यांदा प्रयोगाने बांधली गेली. १९७१ मध्ये जेन्सन यांनी सुचवले की गाठीतले ग्राही मोजले तर अंडाशय किंवा अधिवृक्क काढून कोणाला फायदा होईल याचा अंदाज बांधता येईल. बॉइड यांच्या एकतृतीयांशाचे उत्तर बऱ्याच अंशी मिळाले. ग्राही नसलेल्या गाठी जवळजवळ कधीच दाद देत नव्हत्या. पण ग्राही असलेल्या गाठींपैकीही बऱ्याच दाद देत नव्हत्या, आणि या दुसऱ्या गटाने पुढच्या साऱ्या वादांना जन्म दिला.

एमसीएफ-७ आणि ग्राहीचा पुरावा

डेट्रॉइटमधील मिशिगन कॅन्सर फाउंडेशनमध्ये हर्बर्ट सूल आणि सहकाऱ्यांनी एका रुग्ण ननच्या छातीतील द्रवातून पेशींची एक वंशावळ वाढवली आणि १९७३ मध्ये तिची माहिती प्रसिद्ध केली. एमसीएफ-७ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या पेशींत इस्ट्रोजेनचे ग्राही भरपूर होते. आज या क्षेत्रात जे ज्ञात आहे त्याचा फार मोठा भाग या एकाच वंशावळीवर उभा आहे, आणि कुठलाही निष्कर्ष वाचताना हे ध्यानात ठेवावे लागते. मार्क लिपमन यांच्या गटाने १९७० च्या दशकाच्या मध्यावर दाखवले की इस्ट्रोजेन दिले की या पेशी जास्त प्रथिने बनवतात आणि वाढतात, ग्राहीवर बसून इस्ट्रोजेनला अडवणारे टॅमोक्सिफेन हे औषध दिले की थांबतात, आणि टॅमोक्सिफेनवर पुन्हा इस्ट्रोजेन दिले की सावरतात. त्यानंतर इस्ट्रोजेनच्या हुकमावर तयार होणाऱ्या प्रथिनांचा शोध सुरू झाला. माँपेलिए येथील आँरी रोशफोर यांच्या गटाला पेशीबाहेर टाकले जाणारे एक प्रथिन सापडले. ते पुढे कॅथेप्सिन-डी म्हणून ओळखले गेले. स्ट्रासबूर्गमध्ये पिएर शाँबों यांच्या प्रयोगशाळेने पीएस-२ हे जनुक शोधले. आणि कॅथरीन हॉर्विट्झ व विल्यम मॅकग्वायर यांनी दाखवले की प्रोजेस्टेरॉनचा ग्राही हेच मुळात इस्ट्रोजेनमुळे तयार होणारे प्रथिन आहे.

हॉर्विट्झ आणि मॅकग्वायर यांचा तर्क देखणा होता. गाठीत इस्ट्रोजेनचा ग्राही आहे एवढ्यावर तो काम करतो असे म्हणता येत नाही. पण प्रोजेस्टेरॉनचा ग्राहीही असेल, तर इस्ट्रोजेनचा संदेश पार शेवटपर्यंत पोहोचून प्रथिन तयार झाले आहे, म्हणजे साखळी शाबूत आहे, आणि अशी गाठ संप्रेरक-उपचाराला दाद देईल. अहवालात पीआरची नोंद आली ती या तर्कामुळे. मात्र याच संशोधकांच्या प्रयोगांतून निघालेली एक गोष्ट तितकी गाजली नाही. कमी मात्रेत टॅमोक्सिफेन दिले तर एमसीएफ-७ पेशींत प्रोजेस्टेरॉनचा ग्राही वाढतो, आणि तेच टॅमोक्सिफेन त्या पेशींची वाढ रोखते. म्हणजे एकाच रसायनाने प्रथिननिर्मितीचा संदेश पुढे पोहोचवला आणि वाढीचा अडवला. संदेशाचे हे दोन परिणाम वेगळे करता येतात याचा हा सुरुवातीचा स्पष्ट पुरावा आहे.

त्याहून ठळक पुरावा १९९२ मध्ये आला. इस्ट्रोजेनचा ग्राही नसलेल्या एमडीए-एमबी-२३१ पेशींत क्रेग जॉर्डन यांच्या गटाने ग्राहीचे जनुक घातले. साखळीचे साधे गृहीतक खरे असते, तर या पेशी आता इस्ट्रोजेनवर वाढायला हव्या होत्या. ग्राही तयार झाला, त्याने संप्रेरकाला प्रतिसादही दिला, पण इस्ट्रोजेन मिळताच पेशींची वाढ मंदावली. ग्राही तोच आणि संप्रेरकही तेच असताना पेशी बदलली म्हणून परिणाम उलटा झाला.

यावर एक रास्त आक्षेप आहे. बाहेरून जनुक कोंबलेली पेशी नैसर्गिक नसते, आणि ग्राही अवाजवी प्रमाणात तयार झाला तर पेशी आजारीच पडते. हा आक्षेप पूर्णपणे खोडता येत नाही. पण रुग्णांकडून आलेला पुरावाही त्याच दिशेने बोट दाखवतो. वीस चाचण्यांतील एकवीस हजारांहून अधिक स्त्रियांची माहिती एकत्र करून ऑक्सफर्डमधील संशोधकांनी २०११ मध्ये विश्लेषण मांडले. इस्ट्रोजेनचा ग्राही असलेल्या गाठींत पाच वर्षे टॅमोक्सिफेन घेतल्याने पहिल्या पंधरा वर्षांतील स्तनकर्करोगाचे मृत्यू साधारण एकतृतीयांशाने घटले. मात्र इस्ट्रोजेनच्या ग्राहीची स्थिती एकदा विचारात घेतली, की प्रोजेस्टेरॉनचा ग्राही असो वा नसो, फायदा जवळपास सारखाच दिसला. पीआरवरून आजार पुढे कसा जाईल याचा अंदाज येतो, ही त्याची उपयुक्तता कायम आहे. पण तयार झालेले प्रथिन म्हणजे उपचाराला दाद मिळण्याची हमी, हा मूळ तर्क या मोठ्या कसोटीवर टिकला नाही.

वाढ थेट होते की दुसऱ्यामार्फत?

१९८० च्या दशकातला वाद आणखी मुळाशी जाणारा होता: इस्ट्रोजेन पेशीला थेट वाढवते तरी का? अनेक प्रयोगशाळांत इस्ट्रोजेन दिल्यावर नवी प्रथिने दिसत, पण वाढीत फरक पडत नसे. यावर तीन भूमिका पुढे आल्या. पहिली, इस्ट्रोजेन थेट पेशीचक्र चालवते. दुसरी, लिपमन आणि रॉबर्ट डिक्सन यांची: इस्ट्रोजेनमुळे पेशी वाढीचे घटक बाहेर सोडते आणि ते घटक तिला व शेजारच्या पेशींना वाढवतात. तिसरी, टफ्ट्स विद्यापीठातील आना सोटो आणि कार्लोस सोननशाइन यांची: वाढणे ही पेशीची मूळ प्रवृत्तीच आहे, रक्तद्रवातले काही घटक तिला अडवून ठेवतात आणि इस्ट्रोजेन फक्त तो अडसर दूर करते. तिसरी भूमिका अल्पमतात राहिली, तरी तिने विचारलेला प्रश्न खरा होता.

वादातला मोठा गुंता १९८६ मध्ये सुटला, तोही अनपेक्षित ठिकाणी. पेशी ज्या द्रवात वाढवतात त्यात आम्लता ओळखण्यासाठी फिनॉल रेड नावाचा रंग घालतात. इलिनॉयमध्ये बेनिता आणि जॉन काट्झेनेलेनबोगेन यांच्यासह बर्थ्वा यांनी दाखवले की हा रंग स्वतःच सौम्य इस्ट्रोजेनसारखा वागतो. पुढे कळले की दोष रंगातल्या एका अशुद्धीचा होता. ‘इस्ट्रोजेनविरहित’ म्हणून वापरल्या गेलेल्या पेशींना इतकी वर्षे थोडे इस्ट्रोजेन मिळतच होते, म्हणून बाहेरून दिलेल्या इस्ट्रोजेनने वाढीत भर पडत नव्हती. सोटो आणि सोननशाइन यांनाही पुढे असाच अनुभव आला. प्लास्टिकच्या नळ्यांतून झिरपणाऱ्या नोनिलफिनॉलमुळे त्यांच्या पेशी इस्ट्रोजेन न देताच वाढू लागल्या होत्या. या दोन घटनांमुळे थेट वाढीची बाजू बळकट झाली. माझ्या मते त्यांतून आणखी एक गोष्ट निघते. पीएस-२ सारख्या प्रथिनांची निर्मिती आणि पेशींची वाढ यांना इस्ट्रोजेनची सारखी मात्रा लागत नाही. वाढीची भूक थोडक्यात भागते, आणि काही प्रथिनांना जास्त संप्रेरक लागते.

वाढीचे यंत्र नेमके कुठे सुरू होते हे सिडनीच्या गार्व्हन इन्स्टिट्यूटमधील रॉब सदरलँड यांच्या गटाने बरेच स्पष्ट केले. इस्ट्रोजेन मिळताच सी-मिक आणि सायक्लिन डी-१ ही प्रथिने लवकर वाढतात आणि थांबलेली पेशी विभाजनाच्या वाटेला लागते. १९९८ मध्ये त्यांनी दाखवले की इस्ट्रोजेन न देता यांपैकी एकच प्रथिन पेशीत वाढवले, तरी ती पुन्हा चक्रात शिरते. संप्रेरकाच्या हुकमावर शेकडो प्रथिने बदलत असताना विभाजनाचे दार उघडायला त्यांतले एकदेखील पुरते. सायक्लिन डी-१ ज्या एंझाइमांना जागे करते त्यांना रोखणारे पाल्बोसिक्लिब हे औषध २०१५ मध्ये अमेरिकेत मान्य झाले, आणि त्याच्या जातीची औषधे आज पसरलेल्या हॉर्मोन पॉझिटिव्ह कर्करोगावरील उपचाराचा कणा आहेत.

शेजारच्या पेशींमार्फत वाढ होते ही दुसरी भूमिकाही निकालात निघाली नाही. मँचेस्टरच्या रॉबर्ट क्लार्क आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये निरोगी स्तनाच्या ऊती तपासल्या. इस्ट्रोजेनचा ग्राही ज्या पेशींत आहे त्या जवळजवळ विभाजितच होत नव्हत्या, आणि विभाजित होणाऱ्या पेशींत ग्राही नव्हता. निरोगी स्तनात ग्राही असलेली पेशी संदेश ऐकते, अँफिरेग्युलिनसारखे घटक सोडते, आणि वाढते ती शेजारीण. कर्करोगात ही विभागणी मोडते आणि संदेश ऐकणारी पेशी स्वतःच वाढू लागते. हा बदल नेमका कधी आणि कशाने होतो, याचे समाधानकारक उत्तर अजून कोणाकडे नाही, आणि मला हा या क्षेत्रातला सर्वांत महत्त्वाचा उघडा प्रश्न वाटतो.

जनुके कशी वाचली जातात

१९८६ मध्ये इस्ट्रोजेनच्या ग्राहीचे जनुक एमसीएफ-७ पेशींतूनच मिळवले गेले, आणि १९९६ मध्ये स्वीडनमधील यान-ओके गुस्ताफसन यांच्या गटाला बीटा नावाचा दुसरा ग्राही सापडला. बीटाचे कर्करोगातील काम आजही वादग्रस्त आहे, कारण तो ओळखायला वापरलेली अनेक प्रतिपिंडे भरवशाची नव्हती. पहिल्या ग्राहीबद्दल, म्हणजे अल्फाबद्दल, मात्र चित्र भक्कम आहे. १९९७ आणि १९९८ मध्ये स्फटिकरचना मिळाल्या तेव्हा दिसले की इस्ट्रोजेन बसले की ग्राहीचा बारावा सर्पिल भाग एका बाजूला वळतो आणि सहायक प्रथिनांना जागा करून देतो. टॅमोक्सिफेनचे सक्रिय रूप बसले की तोच भाग ती जागा झाकतो. सहायक प्रथिने कोणती आणि किती आहेत हे ऊतीगणिक बदलते, म्हणून टॅमोक्सिफेन स्तनात विरोधक ठरते आणि गर्भाशयात व हाडांत इस्ट्रोजेनसारखे वागते.

जेसन कॅरल आणि माइल्स ब्राउन यांच्या गटाने २००६ मध्ये एमसीएफ-७ च्या संपूर्ण जनुकसंचात ग्राही कुठे कुठे बसतो याचा नकाशा काढला. साडेतीन हजारांहून अधिक जागा मिळाल्या, पण जनुकांच्या आरंभाजवळ त्यांपैकी केवळ ४ टक्के होत्या. बाकीच्या दूर पसरलेल्या होत्या, आणि त्या उघड्या ठेवण्याचे काम फॉक्स-ए-१ हे दुसरेच प्रथिन आधी करून ठेवत होते. पेशीचा पूर्वेतिहास महत्त्वाचा का, याचे रेणूंच्या पातळीवरचे कारण इथे सापडते. संप्रेरक येण्यापूर्वीच पेशीने कोणती पाने उघडून ठेवली आहेत, त्यावर ते काय वाचू शकेल हे ठरते. काट्झेनेलेनबोगेन यांच्या प्रयोगशाळेने २००३ मध्ये नोंदवलेली आणखी एक गोष्ट सामान्य समजाला धक्का देणारी आहे: इस्ट्रोजेनमुळे ठळकपणे बदलणाऱ्या जनुकांपैकी सुमारे ७० टक्के जनुकांचे काम कमी होत होते. इस्ट्रोजेन जितके चालू करते, त्याहून जास्त बंद करते. वाढ थांबवणारी आणि पेशीला मरणाकडे नेणारी काही प्रथिने या बंद होणाऱ्या यादीत आहेत.

आरएनएपासून प्रथिनापर्यंत

आतापर्यंतचा बहुतेक पुरावा जनुक आणि आरएनए यांच्या पातळीवरचा आहे. आरएनए म्हणजे प्रथिन नव्हे. रायबोसोम त्या आरएनएचे प्रथिन किती बनवतात हे स्वतंत्रपणे ठरते, आणि गेल्या दोन दशकांत लक्ष इकडे वळले आहे. इस्ट्रोजेनमुळे वाढणारे सी-मिक रायबोसोम तयार करण्याचा वेगही वाढवते. शिवाय एमटॉर नावाच्या एंझाइमाची वाट संप्रेरकाच्या वाटेला येऊन मिळते. एमटॉरच्या हाताखालचे एस-६ कायनेज प्रथिननिर्मितीला चालना देते आणि उलट इस्ट्रोजेनच्या ग्राहीवर फॉस्फेटही चढवते. म्हणजे प्रथिननिर्मितीचे यंत्र संप्रेरकाचे ऐकते, आणि संप्रेरकाच्या ग्राहीलाही ते यंत्र चेतवते. एव्हरोलिमस हे एमटॉर रोखणारे औषध एक्सिमेस्टेनच्या, म्हणजे शरीरात इस्ट्रोजेन तयार होणे थांबवणाऱ्या एका अरोमाटेज-रोधकाच्या, जोडीने दिल्यावर रोग पुढे सरकेपर्यंतचा मध्यक काळ २.८ महिन्यांवरून ६.९ महिन्यांवर गेला, असे बोलेरो-२ चाचणीने २०१२ मध्ये दाखवले. एकूण आयुष्यमानात मात्र सांख्यिकीय दृष्ट्या ठोस फरक दिसला नाही. प्रथिननिर्मिती हा खरा दुवा आहे हे या आकड्यांतून दिसते, आणि तेवढा एकच दुवा तोडणे पुरेसे नाही हेही त्यांतूनच दिसते.

आणखी दोन निष्कर्ष या चर्चेला वेगळे वळण देतात. सॅन फ्रान्सिस्कोतील डेव्हिड रुगेरो यांच्या गटाने २०२१ मध्ये मांडले की इस्ट्रोजेनचा ग्राही डीएनएवर बसतोच, पण आरएनएलाही चिकटतो, आणि पेशीला तग धरायला मदत करणाऱ्या काही प्रथिनांचे उत्पादन तिथूनच नियंत्रित करतो. हे पक्के ठरले तर ग्राहीला केवळ जनुकांचा नियंता म्हणता येणार नाही. दुसरा निष्कर्ष इलिनॉयच्या डेव्हिड शापिरो यांच्या गटाचा. इस्ट्रोजेन मिळाल्यावर काही क्षणांतच पेशी प्रथिनांच्या घडणीचा ताण पेलण्याची यंत्रणा सौम्यपणे जागी करते, जणू पुढे येणाऱ्या कामाची आगाऊ तयारी. हीच यंत्रणा रसायनाने कमालीची चेतवली तर पेशी मरते, आणि त्यावर आधारलेल्या औषधांची चाचपणी चालू आहे. पेशीच्या आवरणावरील ग्राही, विशेषतः जीपीईआर, हा इस्ट्रोजेनचा खरा ग्राही आहे की नाही, यावर २००५ पासून मतभेद आहेत. एका बाजूला पुनरावृत्ती झालेले प्रयोग आहेत. दुसऱ्या बाजूला, हे जनुक नसलेल्या उंदरांत प्रजननात मोठा दोष दिसत नाही. स्तनाच्या कर्करोगात त्याचा वाटा किती, हे अजून अनिर्णित मानणेच रास्त.

प्रोजेस्टेरॉनचे दुहेरी रूप

प्रोजेस्टेरॉनच्या बाबतीत पुरावा सरळसरळ दोन बाजूंना जातो. अमेरिकेतील विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह या मोठ्या चाचणीत इस्ट्रोजेनबरोबर मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन घेतलेल्या स्त्रियांत स्तनाचा कर्करोग वाढला, म्हणून चाचणीचा तो भाग २००२ मध्ये थांबवावा लागला. उंदरांत प्रोजेस्टेरॉनमुळे स्रवणारे रँकएल हे प्रथिन स्तनातील मूळपेशींची वाढ करते, हेही २०१० मध्ये दिसले. उलट कॅरल यांच्या गटाने २०१५ मध्ये दाखवले की ईआर आणि पीआर दोन्ही असलेल्या पेशींत प्रोजेस्टेरॉन दिले की इस्ट्रोजेनचा ग्राही जनुकसंचात वेगळ्या जागी जाऊन बसतो आणि गाठीची वाढ कमी होते. कृत्रिम मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन आणि नैसर्गिक प्रोजेस्टेरॉन वेगळे वागतात, हे यातील विसंगतीचे एक स्पष्टीकरण आहे. निरोगी ऊती आणि गाठ वेगळ्या वागतात, हे दुसरे. माझा कल दुसऱ्याकडे आहे, कारण मँचेस्टरच्या निरीक्षणाशी ते जुळते. पण पहिले स्पष्टीकरण खोडणारा पुरावाही नाही.

या प्रश्नाला मुंबईतून महत्त्वाची भर पडली. मासिक पाळीच्या कोणत्या टप्प्यावर शस्त्रक्रिया होते त्यावर पुढचे आयुष्य अवलंबून असते का, यावर डॉ. राजेंद्र बडवे यांनी १९९० च्या दशकाच्या आरंभीच लिहिले होते. पुढे टाटा मेमोरियल रुग्णालयात त्यांच्या नेतृत्वाखाली एक हजार स्त्रियांवर चाचणी झाली. शस्त्रक्रियेपूर्वी ५ ते १४ दिवस हायड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉनचे एकच इंजेक्शन द्यायचे आणि नंतर तुलना करायची. २०११ मध्ये निकाल आला. एकूण गटात ठोस फरक नव्हता, पण काखेतील लसिकाग्रंथींपर्यंत रोग पोहोचलेल्या स्त्रियांत रोगमुक्त राहण्याचे प्रमाण वाढलेले दिसले. उपगटाचा निकाल सावधपणे घ्यावा लागतो, आणि तो दुसरीकडे तपासला जायला हवा. त्यानंतर खारघरच्या ॲक्ट्रेक या संशोधन केंद्रात डॉ. अमित दत्त यांच्या प्रयोगशाळेने दाखवले की प्रोजेस्टेरॉनचा ग्राही नसलेल्या पेशींतही प्रोजेस्टेरॉन एसजीके-१ आणि एनडीआरजी-१ या जनुकांचे काम वाढवते आणि पेशींची पसरण्याची क्षमता घटवते. एकच स्वस्त इंजेक्शन हा भारतासारख्या देशासाठी फार मोलाचा उपाय ठरू शकेल, म्हणून या वाटेवर जास्त काम व्हावे असे मनापासून वाटते.

इस्ट्रोजेनने मरणाऱ्या पेशी

इस्ट्रोजेन वाढवते या विधानाला सर्वांत जुना आणि चमत्कारिक अपवाद १९४४ चा आहे. अलेक्झांडर हॅडो यांनी रजोनिवृत्तीला बरीच वर्षे झालेल्या स्त्रियांना कृत्रिम इस्ट्रोजेनच्या मोठ्या मात्रा दिल्या, आणि अनेकींच्या गाठी लहान झाल्या. टॅमोक्सिफेन येईपर्यंत हाच प्रचलित उपचार होता. पुढे जॉर्डन आणि रिचर्ड सँटन यांनी दाखवले की बराच काळ इस्ट्रोजेनविना ठेवलेल्या पेशी इस्ट्रोजेन पुन्हा मिळताच आत्मनाश पत्करतात. मॅथ्यू एलिस यांच्या २००९ च्या चाचणीत अरोमाटेज-रोधकांना दाद देईनासा झालेला कर्करोग असलेल्या स्त्रियांना इस्ट्रॅडिऑल दिले, तेव्हा सुमारे तीनपैकी एकीला फायदा झाला. बॉइड यांचा एकतृतीयांशाचा आकडा शंभर वर्षांनी उलट्या बाजूने समोर आला.

विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्हमध्ये गर्भाशय काढलेल्या ज्या स्त्रियांना केवळ इस्ट्रोजेन दिले, त्यांत वीस वर्षांहून अधिक काळानंतर स्तनाच्या कर्करोगाचे प्रमाण आणि मृत्यू दोन्ही कमी दिसले, असा अहवाल २०२० मध्ये आला. त्याच्या वर्षभर आधी ‘द लॅन्सेट’मध्ये आलेल्या, जगभरच्या निरीक्षणांवर आधारलेल्या विश्लेषणाने मात्र केवळ इस्ट्रोजेनमुळेही धोका थोडा वाढतो असे सांगितले होते. पहिली यादृच्छिक चाचणी आहे, दुसरे विश्लेषण आकाराने फार मोठे आहे. चाचणीतील बऱ्याच स्त्रियांनी रजोनिवृत्तीनंतर पुष्कळ वर्षांनी इस्ट्रोजेन सुरू केले होते, ही बाब दोन्हींना जोडू शकते. दीर्घ उपासमारीनंतर पेशींचा प्रतिसाद बदलतो, या प्रयोगशाळेतील निष्कर्षाशी ती जुळते. तरी जुळणे म्हणजे सिद्ध होणे नव्हे.

उपचाराला दाद न देण्याची कारणेही याच मांडणीत बसतात. अरोमाटेज-रोधकांवर वाढलेल्या, पसरलेल्या कर्करोगांत ईएसआर-१ या ग्राहीच्याच जनुकात उत्परिवर्तन होते, हे २०१३ मध्ये दोन गटांनी एकाच वेळी दाखवले. वाय-५३७-एस किंवा डी-५३८-जी हा बदल झाला की बारावा सर्पिल भाग इस्ट्रोजेन नसतानाही सक्रिय जागी टेकतो. पेशी संप्रेरकाविना संप्रेरकाची प्रथिने बनवू लागते. ग्राहीच नष्ट करणारे एलासेस्ट्रंट हे तोंडाने घेण्याचे औषध अशा गाठींसाठी २०२३ मध्ये अमेरिकेत मान्य झाले. पण उत्परिवर्तन नसलेल्या दाद न देणाऱ्या गाठीही पुष्कळ आहेत. तिथे ग्राही आहे, त्याची प्रथिनेही औषधाने घटतात, आणि वाढ चालूच राहते. पोएटिक चाचणीत चार हजारांहून अधिक स्त्रियांपैकी बहुतेकींना शस्त्रक्रियेच्या आधी आणि नंतर दोन-दोन आठवडे अरोमाटेज-रोधक गोळी देऊन दिसले, की पहिल्या दोन आठवड्यांनंतरही ज्यांच्या गाठीत विभाजनाची खूण असलेले के-आय-६७ चढेच राहिले, त्यांचा रोग जास्त वेळा परतला. ईआर आणि पीआर ही निर्मितीची मोजमापे आहेत, के-आय-६७ हे वाढीचे. ही दोन वेगवेगळी मोजून एकमेकांशेजारी ठेवायला हवीत, हे या चाचणीतून दिसते.

न सुटलेले

इथपर्यंतच्या मांडणीवर एक आक्षेप घेतला जाईल: हे सारे खरे असले तरी इस्ट्रोजेन अडवून गाठ थांबते, मग तेच इंधन म्हणायला काय हरकत? व्यवहारात काहीच हरकत नाही. ज्या स्त्रीला गोळी लागू पडते तिच्यासाठी हा भेद गौण आहे. पण जिला लागू पडत नाही तिच्यासाठी तो निर्णायक आहे, कारण संदेश पोहोचत नाही म्हणून वाढ थांबत नाही, की संदेश अडूनही वाढीला दुसरी वाट मिळाली आहे, यावर पुढचे औषध ठरते. ग्लोबोकॅनच्या २०२२ च्या अंदाजानुसार भारतात वर्षाला सुमारे १ लाख ९२ हजार स्त्रियांना हा कर्करोग नव्याने होतो, आणि पाश्चात्त्य देशांच्या तुलनेत आपल्याकडे ईआर असलेल्या गाठींचे प्रमाण कमी नोंदवले जाते. यात वयाचा आणि जैविक फरकाचा वाटा आहे, तसाच गाठ फॉर्मॅलिनमध्ये वेळेवर आणि नीट न ठेवल्याने ग्राही न दिसण्याचाही आहे. दोन्हींचे प्रमाण वेगळे काढणे अजून बाकी आहे. १ ते १० टक्के पेशींतच ग्राही दिसणाऱ्या गाठींना संप्रेरक-उपचाराचा किती उपयोग होतो, हाही खुला प्रश्न आहे.

आणि सर्वांत मोठी उणीव मोजण्यातली आहे. इस्ट्रोजेनमुळे कोणते आरएनए बदलतात हे हजारो गाठींत तपासले गेले आहे, पण त्यांतले किती रायबोसोमवर चढून प्रत्यक्ष प्रथिन होतात, हे बहुतांशी एमसीएफ-७ सारख्या मोजक्या वंशावळींतच पाहिले गेले आहे. ग्राही आरएनएला चिकटतो हा निष्कर्ष रुग्णांच्या गाठींत तपासायचा तर ऊती काढताक्षणी गोठवाव्या लागतात, आणि जगभरातल्या बहुतेक रुग्णालयांत त्या फॉर्मॅलिनमध्ये जातात. गोळी सुरू करण्यापूर्वीची आणि दोन आठवड्यांनंतरची, अशा एकाच स्त्रीच्या दोन गोठवलेल्या नमुन्यांत आरएनए, प्रथिन आणि के-आय-६७ तिन्ही मोजणारे मोठे अभ्यास होत नाहीत, तोपर्यंत संप्रेरकाचा कोणता परिणाम जनुकाच्या पातळीवर घडतो आणि कोणता प्रथिन घडताना, हा प्रश्न पेशींच्या बशीतून रुग्णापर्यंत पोहोचणार नाही.